उबेचा आवाज

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात दरवर्षी नोव्हेंबरमध्ये, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी, बंदुकीने हरिणांची शिकार करण्याचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो, आणि त्या नऊ दिवसांत पाच लाखांहून अधिक माणसे ज्या अवस्थेत पहाट काढतात ती, वस्त्रशास्त्राच्या दृष्टीने पाहता, मनुष्यजातीने कोणीही सांगितलेले नसताना पत्करलेल्या अत्यंत अवघड अवस्थांपैकी एक आहे. झाडाच्या खोडाला पट्ट्यांनी आवळलेली, जमिनीपासून पंधरा-वीस फुटांवरची, एका माणसाची बैठक आणि दोन पावले जेमतेम मावतील एवढी धातूची चौकट म्हणजे तिकडचे मचाण. त्यावर उजाडण्यापूर्वी चढावे, पांढऱ्या शेपटीचे हरीण खालून जाईपर्यंत अजिबात हलू नये, आणि ते आले की मात्र तत्परतेने पण त्याला न कळता हलावे, अशी या खेळाची अपेक्षा असते. पारा शून्याखाली दहा अंशांवर असताना माणसाला ऊब देणारे कपडे जगात पुष्कळ आहेत आणि आवाज न करणारे कपडेही पुष्कळ आहेत. परंतु हे दोन गुण एकाच कोटात सुखाने नांदल्याची उदाहरणे फार थोडी आहेत.

मराठी वाचकाच्या मनातले मचाण हे बहुधा उन्हाळी असते. ताडोबाच्या जंगलात बुद्धपौर्णिमेच्या चांदण्यात पाणवठ्यालगत मचाणावर बसून रात्रभर वन्यप्राणी पाहण्याचा जो उपक्रम वनखाते करते, त्यात कपड्यांसंबंधीचा एकमेव गंभीर प्रश्न घामाचा असतो, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर बंदूक घेऊन मचाणावर चढणे हा विषय जुन्या शिकारकथांच्या पुस्तकांपुरताच उरला आहे. तेव्हा मिलवॉकीला नोकरीनिमित्त गेलेल्या आणि नोव्हेंबरच्या त्या आठवड्यात आपल्या कचेरीतील निम्म्या खुर्च्या रिकाम्या पाहून चकित झालेल्या मराठी गृहस्थास हे शास्त्र मुळापासून समजावून घ्यावे लागते.

त्याचा आरंभ हरिणाच्या कानापासून करणे उचित होय. या प्राण्याचे दोन्ही कान एकमेकांना न विचारता हवे तिकडे वळतात, त्यामुळे एका कानाने पुढची आणि दुसऱ्याने मागची चाहूल घेण्याची सोय त्याला जन्मतः लाभलेली आहे. जॉर्जिया विद्यापीठातील संशोधकांनी केलेल्या श्रवणचाचण्यांत हा कान चार ते आठ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असल्याचे आढळले. किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक हजार कंपने, आणि माणसाच्या बोलण्यातली बरीचशी शक्ती या पट्ट्याच्या खाली असते, तर नायलॉनवर नायलॉन घासून होणारी सळसळ मात्र वरच्या कंपनांनी भरलेली असते. यावरून मचाणावर बाही हलवण्यापेक्षा हलक्या आवाजात दोन शब्द बोललेले परवडले, असा निष्कर्ष काढण्याचा मोह अभ्यासकाला होतो. तो आवरावा, कारण नायलॉनचा कोट घालून बसलेला माणूस ते दोन शब्द बोलताना हातवारेही करतो.

दुसरी बाजू उष्णतेची. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरातून सुमारे शंभर वॉट उष्णता बाहेर पडत असते, आणि ती अडवून धरण्याची कपड्यांची क्षमता ‘क्लो’ या एककात मोजतात. हे एकक १९४१ मध्ये शास्त्रज्ञांनी निश्चित केले. सुमारे एकवीस अंश सेल्सिअसच्या खोलीत, वारा जवळजवळ नसताना, स्वस्थ बसलेल्या माणसाला जेवढे कपडे पुरेसे वाटतात तेवढे म्हणजे एक क्लो, ढोबळमानाने सुटाबुटातला एक सभ्य गृहस्थ. उणे दहा अंशांत निश्चल बसायचे तर असे पाच-सहा सभ्य गृहस्थ एकावर एक परिधान करावे लागतात. कापडाच्या दर इंच जाडीमागे साधारण चार क्लो मिळतात हा ठोकताळा लक्षात घेतला, तर शिकाऱ्याभोवती सर्व बाजूंनी सव्वा ते दीड इंचाचे आवरण हवे, हे गणित सरळ निघते. त्या आवरणातून हाताचे कोपर वाकेल की नाही याविषयी मात्र हे गणित काही सांगत नाही.

शिवाय हे सारे गणित बसलेल्या माणसाचे आहे आणि शिकारी काही मचाणावर जन्मत नाही. त्याला गाडीपासून झाडापर्यंत, अंधारात, बर्फातून, बंदूक आणि पिशवी घेऊन मैलभर चालावे लागते, आणि चालताना शरीर बसल्यापेक्षा तिप्पट-चौपट उष्णता निर्माण करीत असल्याने सहा क्लो अंगावर चढवून निघालेला माणूस झाडाच्या बुंध्याशी पोहोचतो तो घामाने निथळत. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. त्यातून अंगालगतचा कपडा सुती असेल तर तो घाम धरून ठेवतो आणि उजाडेपर्यंत मालकाला थंड करण्याचे काम इमानेइतबारे करतो. म्हणूनच अंगालगत मेरिनो मेंढीच्या बारीक लोकरीचा किंवा घाम बाहेर ढकलणाऱ्या कृत्रिम धाग्याचा पातळ थर, त्यावर हवा धरून ठेवणारा जाड थर, आणि सर्वांवर वारा अडवणारा बाह्य थर अशी त्रिस्तरीय रचना सर्व जाणकार सांगतात. आणि त्यातला पहिलाच थर घालून चालत जावे, उरलेले पाठीवरून न्यावेत, असेही सांगतात. या उपदेशाचे निष्ठेने पालन करणारे एरवीचे प्रतिष्ठित नागरिक, त्यांत दंतवैद्य आहेत आणि शाळांचे मुख्याध्यापकही, पहाटे पाच वाजता झाडाखाली बर्फात उभे राहून ओला सदरा काढतात आणि कोरडा घालतात. आपण कोणाला दिसू नये ही शिकाऱ्याची इच्छा या क्षणी सर्वांत प्रामाणिक असते.

शांततेच्या कसोटीला आजवर सर्वांत चांगले उतरलेले वस्त्र म्हणजे लोकर. तिच्या धाग्याच्या पृष्ठभागावर लव असते, ती कापडाच्या दोन पृष्ठभागांना एकमेकांवर खरखरू देत नाही. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्क्यांपर्यंत बाष्प शोषूनही हाताला ओली लागत नाही. पेनसिल्व्हेनियातील वूलरिच या गिरणीने १८५० मध्ये लाल-काळ्या मोठ्या चौकड्यांचे जे लोकरी कापड काढले, त्याच्या कोटांत अमेरिकी शिकाऱ्यांच्या कित्येक पिढ्या बसल्या, आणि त्या कोटांविषयी आजही आदराने बोलले जाते, विशेषतः ज्यांना ते भिजल्यावर उचलावे लागले नाहीत अशा मंडळींकडून. धनगराची घोंगडी या कामी उत्तम ठरली असती यात शंका नाही, कारण ऊन, पाऊस, थंडी आणि मौन या चारही बाबतींत तिचा अनुभव दांडगा आहे. अडचण एवढीच, की ती पांघरून दोन्ही हात मोकळे ठेवता येत नाहीत, आणि भडक रंगाचा आग्रह धरणाऱ्या विस्कॉन्सिनच्या कायद्याला ती दिसणार नाही.

लोकरीतून वारा जातो, हा तिचा मोठा दोष. पुढे १९८० च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधील मॉल्डन मिल्सने फ्लीस नावाचे पॉलिएस्टरचे लवदार कापड बाजारात आणले, ते लोकरीपेक्षा हलके आणि तितकेच अबोल निघाले, आणि वाराही त्यातून तितक्याच मोकळेपणाने गेला. वारा अडवायचा तर मध्ये पापुद्रा घालावा लागतो. बॉब गोर यांनी १९६९ मध्ये टेफ्लॉनचा पदार्थ झटक्यात ताणून सूक्ष्म छिद्रांचा जो पापुद्रा तयार केला आणि जो पुढे गोरटेक्स नावाने प्रसिद्ध झाला, त्यातून घामाची वाफ बाहेर जाते आणि पावसाचे पाणी आत येत नाही. मात्र असा पापुद्रा कापडाला ताठपणा आणतो आणि ताठ कापड बोलते. तेव्हा दोन फ्लीसच्या मध्ये पापुद्रा दडवून त्याचे तोंड दोन्हीकडून बंद करण्याची तडजोड निघाली. आजचे बहुतेक महागडे शिकारी कोट म्हणजे ही तडजोडच होय, आणि तडजोडीची किंमत मूळ तत्त्वांपेक्षा नेहमीच जास्त असते.

कापड गप्प बसले तरी त्यावर जडवलेल्या वस्तू गप्प बसतातच असे नाही. धातूच्या चेनचे लोंबते टोक दुसऱ्या टोकावर किणकिणते, म्हणून तेथे दोरीचा तुकडा बांधतात. परंतु खरा अपराधी वेलक्रो. जॉर्ज द मेस्त्राल या स्विस अभियंत्याला याची कल्पना १९४१ मध्ये, कुत्र्यासह शिकारीहून परतताना कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना चिकटलेली काटेरी फळे पाहून सुचली, आणि त्याचे पेटंट १९५५ मध्ये मिळाले. म्हणजे शिकारीच्या पोटी जन्मलेल्या या शोधाने शिकारीवरच जेवढा सूड उगवला तेवढा दुसऱ्या कोणत्याही शोधाने उगवला नसेल. वेलक्रो हळू उघडला तर आवाज कमी होतो ही समजूत भ्रामक आहे. नाट्यगृहात ऐन गंभीर प्रवेशात वेफर्सची पिशवी शेजाऱ्यांची काळजी घेत घेत उघडणारा प्रेक्षक ज्याप्रमाणे एका क्षणाचा गुन्हा पूर्ण अंकभर पुरवतो, त्याचप्रमाणे खिशातील रुमाल काढण्यासाठी वेलक्रोचा एकेक आकडा सोडवणारा शिकारी हरिणाला विचार करण्यास भरपूर अवधी देतो. याला उपाय गुंडीचा, आणि गोठलेल्या बोटांनी गुंडी लागत नाही, हा त्या उपायावरचा आक्षेप.

दृश्यतेचा प्रश्न येथे थोडक्यात घेतला तरी पुरे. झाडाच्या सालीची आणि पानांची हुबेहूब छपाई केलेली कापडे १९८० च्या दशकात निघाली आणि त्यांचा मोठा उद्योग उभा राहिला. त्याच सुमारास, १९८० मध्ये, विस्कॉन्सिनने बंदुकीच्या हंगामात भडक नारिंगी रंग सक्तीचा केला. कंबरेवरच्या बाह्य पोशाखाचा किमान निम्मा भाग त्या रंगाचा हवा, आणि २०१६ पासून भडक गुलाबीही चालतो. हरिणाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशींचे दोनच प्रकार असल्याने नारिंगी त्याला हिरव्यातून वेगळा काढता येत नाही, म्हणून कायद्याने हरिणाचे नव्हे तर शेजारच्या शिकाऱ्याचे डोळे जमेस धरले आहेत. परिणाम असा, की मनुष्य ओकच्या सालीचे अस्सल चित्र असलेला कोट मोठी रक्कम मोजून विकत घेतो आणि त्यावर थोड्या डॉलरांची नारिंगी बंडी चढवून तो झाकून टाकतो. एवढे करून त्याने तो कपडे उजळवणाऱ्या साबणात धुतला तर तेही वाया, कारण त्या साबणातील द्रव्ये अतिनील प्रकाशात निळसर चमकतात आणि निळा हा हरिणाला नीट दिसणारा रंग आहे.

पडू नये म्हणून अंगाला बांधण्याचे पट्टे हा या वेशाचा अनिवार्य भाग असून त्याविषयी विनोद करू नये. मात्र ते कोटाच्या आत बांधावेत की बाहेर, हा वाद शास्त्रार्थाच्या पातळीवर चालतो. बाहेर बांधले तर मोठ्या खर्चाने गोळा केलेली हवा दबून बाहेर जाते. आत बांधले तर खोडाला जोडणारी दोरी बाहेर काढण्यासाठी कोटाला पाठीवर चीर असावी लागते, आणि अशा चिरेचे कोट मुद्दाम शिवले जातात. वीस फुटांवर, काळोखात, खोडाला बांधलेल्या अवस्थेत, त्या चिरेतून दोरी ओवीत कोट चढवणारा माणूस आणि शांतता यांचा संबंध त्या वेळेपुरता तुटतो. निसर्गाचे बोलावणे आले म्हणजे हा सर्व व्यवहार उलट क्रमाने करावा लागतो, आणि म्हणूनच बाकी कोणत्याही बाबतीत एकमत नसलेले शिकारी पहाटेची कॉफी अर्धीच घ्यावी याबाबत सहमत आहेत.

पायांची कथा करुण आहे. शरीर थंडावले की रक्तवाहिन्या आकसतात आणि ऊब पोटाकडे राखली जाते, त्यामुळे बोटे प्रथम बळी पडतात. मग शिकारी मोज्यांचा तिसरा जोड घालतो, बूट घट्ट होतो, हवा आणि रक्त दोन्हींना जागा उरत नाही, आणि तीन जोडांतले पाय दोन जोडांतल्या पायांपेक्षा आधी गारठतात. बोटांखाली ठेवायच्या गरम पुड्यांत लोखंडाची भुकटी असते, ती गंजताना उष्णता देते. पण गंजायला हवा लागते, आणि ती आधीच मोज्यांनी हुसकावलेली असते. बूट एक माप मोठा घ्यावा, हे उत्तर. हातांसाठी जाड हातमोज्यांऐवजी कंबरेला बांधायची दोन्ही टोकांना उघडी अशी अस्तराची नळी बरी, कारण तीत पातळ मोज्यातला हात ऊबही घेतो आणि चाप ओळखण्याइतका शहाणाही राहतो. धनुष्याने शिकार करणाऱ्यास आणखी एक पथ्य असते: फुगीर बाहीला प्रत्यंचा अडकली तर बाण भलतीकडेच जातो, म्हणून त्याने ऊब छातीवर बंडीच्या रूपात साठवावी आणि बाह्या सडपातळ ठेवाव्यात. कानांविषयी निर्णय कठीण आहे. जॉर्ज क्रोमर या रेल्वे इंजिनचालकाच्या टोप्या वाऱ्याने उडत असत, म्हणून १९०३ मध्ये त्याच्या पत्नीने, आयडाने, बेसबॉलच्या टोपीला कानांवर ओढता येणारी पट्टी शिवून दिली, आणि ती टोपी उत्तरेकडच्या जंगलांत आजही चालते. पट्टी खाली केली की कान उबदार राहतात आणि हरीण ऐकू येत नाही, वर केली की हरीण ऐकू येते आणि कान जाणवेनासे होतात.

राहता राहिली खरेदीची परीक्षा. दुकानात बाही कानाजवळ नेऊन ती नखाने खरवडून पाहण्याची रीत सर्वत्र आहे, आणि हंगामापूर्वीच्या आठवड्यात अशा दुकानांत धिप्पाड माणसे स्वतःच्या दंडाला कान लावून गंभीरपणे उभी असलेली दिसतात. परंतु दुकानाची हवा वीस अंशांची असते. तेथे मवाळ वाटणारा पापुद्रा उणे पंधरा अंशांत कडक होऊन कुरकुरू लागतो, म्हणून परतीची मुदत संपण्यापूर्वी कोट घरच्या डीप फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवावा आणि सकाळी खरवडून पाहावा. घरातील माणसांना याचे आश्चर्य वाटते. आश्चर्य वाटू नये. गेल्या हंगामातल्या हरिणाच्या मांसाने तो फ्रीझर भरलेला असता, तर नव्या कोटाची गरजच पडली नसती आणि त्याला तेथे जागाही मिळाली नसती.