धोंडोपंत, तुम्ही आमची पंचाईत केलीत

श्री. धोंडो बल्लाळ नित्सुरे,
मुक्काम किल्ले लोहगड, मावळ यांस,



पत्र लिहिणारा तुमच्याच पेशातला आहे. लोणावळ्यातल्या एका मोठ्या उद्यानात देखभाल-दुरुस्तीचा सुपरवायझर. हाताखाली दोन गवंडी, एक प्लंबर, एक रंगारी आणि ठेकेदाराची मर्जी असेल तितके बिगारी. तुमची तक्रार तुमच्याकडेच करायची आहे, कारण वरिष्ठांकडे केली तर ते शेरा मारून माझ्याकडेच पाठवतील.

शके १७११ मध्ये, म्हणजे १७८९ साली, नाना फडणीसांनी लोहगडावर बाव, म्हणजे विहीर, बांधली. बांधोत बापडे. पण तिथल्या शिलालेखात नानांच्या पाठोपाठ देखरेख तुमची आणि काम बाजीचट नावाच्या कारागिराचं, अशी नोंद कशाला? नानांचं नाव घालून थांबला असतात तर काय बिघडलं असतं? सव्वादोनशे वर्षं उलटून गेली, तरी बाव गळली तर जाब कोणाला विचारायचा हे उभ्या मावळाला ठाऊक. इतका धडधडीत पुरावा कोणी दगडात ठेवतं का? आमच्याकडे कागदावरचा तीन वर्षांत सापडेनासा होतो.

कोनशिला कशी असावी ते आमच्या उद्यानात येऊन बघा. शुभहस्ते कोण, अध्यक्ष कोण, प्रमुख उपस्थिती कोणाची, विशेष उपस्थिती कोणाची, सगळं सोनेरी अक्षरांत. गवंड्याचं नाव नाही, माझं तर नाहीच. या उपेक्षेबद्दल मी कायम ऋणी राहीन, कारण ती कोनशिला ज्या भिंतीत बसवली आहे, ती भिंत दुसऱ्याच पावसाळ्यात फुगली.

इथला पाऊस तुम्हाला काय सांगायचा! स्वच्छतागृहाचा स्लॅब जुलैत गळू लागतो. मी रजिस्टरात ‘पाहणी केली’ असं लिहितो, आणि ते खरंच असतं, छत्री घेऊन करतो. मग अंदाजपत्रक, मंजुरी, टेंडर, वर्क ऑर्डर. हे सगळं होईपर्यंत मे संपत येतो आणि पहिला वळीव पडला की गवंडी कामावर हजर होतात. विटांच्या तुकड्यांचा कोबा घातला की त्यावर पाणी कोंडून काही दिवस ठेवायचं, खालून ओल येते का बघायचं, असा नियम आहे. ही चाचणी आम्ही पावसावर सोपवली आहे. तो फुकट करतो आणि अहवाल थेट छतातून देतो. रंगाचंही तसंच. मेजरमेंट बुकात दोन हात, भिंतीवर एक, तोही ओल्या भिंतीवर. ऑगस्टात पोपडे धरले की पुढच्या वर्षीच्या कामाची सोय आपोआप होते. तुमच्या बाजीचटाला पुढच्या वर्षीचं काम कुठून मिळत होतं, हा प्रश्न मला खरोखर छळतो.

पण दुरुस्तीचा सगळ्यात स्वस्त प्रकार तुमच्या काळात नव्हता. तो म्हणजे पाटी. कठडा हलतोय? ‘टेकू नये.’ झोपाळ्याचा नट गेलाय? ‘वापरू नये.’ पाटी लावली की काम पूर्ण झालं.

१५ जून २०२५, रविवार. तळेगावजवळ कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांसकट कोसळला. चार जण गेले, पन्नासहून अधिक जखमी झाले. पूल धोकादायक असल्याची पाटी तिथे होती. या परिच्छेदात विनोद नाही, धोंडोपंत.

त्यानंतर महिनाभराच्या आतच, ११ जुलैला, तुमचा लोहगड इतर अकरा किल्ल्यांबरोबर जागतिक वारसा यादीत गेला. अभिनंदन. पण त्यामुळे आमच्यावरचा ताण वाढलाय हे लक्षात घ्या. वारसास्थळाची निगा कशी राखली जाते, याचा अहवाल ठरावीक वर्षांनी युनेस्कोला द्यावा लागतो. उद्या कोणी परदेशी पाहुणा बावेपाशी उभा राहून विचारेल, की अठराव्या शतकात देखरेख करणाऱ्याचं नाव लिहीत होते, मग खालच्या उद्यानात का नाही?

आमच्याकडे नवं स्वच्छतागृह मंजूर झालंय. त्याच्या दारावर सुपरवायझरचं आणि गवंड्याचं नाव काळ्या दगडात कोरावं, अशी टूम बागेत फिरायला येणाऱ्या एका निवृत्त मास्तरांनी काढली आहे. गवंडी लगेच तयार झाला, नावाचं स्पेलिंगही सांगून गेला. ठेकेदार मात्र त्या दिवसापासून फोन उचलत नाही. मीही अर्जित रजेचा अर्ज टाकून ठेवला आहे.

धोंडोपंतांचं उत्तर काही येणार नाही. तेव्हा वाचकहो, तुम्हालाच हात जोडून विनंती. लोहगडावर जरूर जा, विंचूकाटा माचीवर फोटो काढा, पायथ्याशी पिठलं-भाकरी खा. बावेकडे मात्र फिरकू नका, आणि फिरकलातच तर तो शिलालेख वाचून खाली येऊन आम्हाला प्रश्न विचारू नका.

कळावे,
आपला नम्र,
एक सुपरवायझर (कंत्राटी, अकरा महिने), लोणावळा