वरातीमागून पुस्तक

अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक संपली की मांडव काढायच्या आत 'पडद्यामागची' पुस्तकं बाजारात येतात. ही प्रथा थिओडोर व्हाइट यांनी रुजवली. केनेडी-निक्सन लढतीवरचं त्यांचं पुस्तक १९६१ साली आलं आणि त्याला पुलित्झर मिळालं. मग १९७२च्या निवडणुकीवरचं त्यांचं पुस्तक लिहून होतंय न होतंय तोच निक्सन यांच्या वॉटरगेट प्रकरणाचं भांडं फुटलं. पडद्यामागे आणखी एक पडदा होता तर!

रिचर्ड बेन क्रेमर यांनी १९८८च्या सहा उमेदवारांवर हजाराहून अधिक पानं लिहिली. त्यातले पाच पडले, पण वाचकाने पाचांचंही बालपण वाचायचं.

२००८च्या लढतीवरच्या 'गेम चेंज'पर्यंत येता येता लेखक थेट बंद खोलीत जाऊन बसले. नवरा-बायकोचं भांडण अवतरणचिन्हांसकट, माहिती देणाऱ्याचं नाव मात्र गुलदस्त्यात. तरी ते ओळखणं अवघड नसतं. ज्या सल्लागाराने प्रत्येक चूक आधीच ओळखली होती आणि ज्याचं कुणी ऐकलं नाही, तोच तो. पराभूत छावणीत असे द्रष्टे डझनाने निघतात. इतके शहाणे असताना हरले कसे, हे तेवढं कुठल्याच पानावर सापडत नाही.

मे २०२५मध्ये बायडन यांच्या अध्यक्षपदाच्या काळातल्या थकव्यावर 'ओरिजिनल सिन' आलं. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं म्हणे. सांगायला मतदानानंतरचा मुहूर्त निघाला, इतकंच.