कॉसमॉसच्या दरोडेखोरास केमहून खुले पत्र

बिननावाच्या सूत्रधारा,

‘सप्रेम नमस्कार’ लिहिण्याइतका खोटेपणा मला जमणार नाही, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

११ ऑगस्ट २०१८, शनिवार. पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या एटीएम यंत्रणेत तू घुसलास. तिच्या जागी आपली खोटी यंत्रणा उभी केलीस आणि बनावट कार्डांना बिनदिक्कत होकार देत बसलास. काही तासांत २८ देशांतल्या मशिनांतून ७८ कोटी गेले, भारतातून आणखी अडीच कोटी. १३ तारखेला हाँगकाँगच्या एका खात्यात १३.९२ कोटी वळवलेस. सगळे मिळून ९४.४२ कोटी. १९०६ सालची ही सहकारी बँक. शतकभर लोकांनी जमवलेल्या विश्वासावर हात मारायला तुला तीन दिवस पुरले. पराक्रमच म्हणायचा!

आता आमच्याकडे बघ. आमच्या केम गावाची ओळख कुंकवाची. इथल्या बाया चाळायला बसल्या की कोपरापर्यंत हात लाल होतात, पापण्यांवरसुद्धा पूड बसते. त्यांचा माल परगावी जायचा तर बिल हवं, पावती हवी, भाडं आधी मोजायला हवं, आणि उधारी वसूल होईपर्यंत वाट पाहायची. जागतिकीकरणाने दारं उघडली म्हणतात. तुझ्यासाठी ती सताड उघडली, आमच्यासाठी फट ठेवली.

बाजार आणि पैसा सीमा ओलांडू लागले की गुन्हेगारीही जगभर जाळं विणते, असं मॅन्युएल कॅस्टेल्स या समाजशास्त्रज्ञाने १९९८ मध्येच मांडलं होतं. बरोबरच आहे. पण त्याच वर्षी डिक हॉब्ज या गुन्हेगारीच्या अभ्यासकाने जे बजावलं ते मला जास्त पटतं: गुन्हा कितीही जागतिक म्हणा, तो घडतो कुठल्या तरी गावातच. तुझा गुन्हा कोल्हापूरच्या एटीएमपुढेही घडला. तिथे कार्ड सरकवणारा हात इथलाच होता.

एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या कोर्टाने ११ जणांना शिक्षा सुनावली. बनावट कार्डांवर पैसे काढणाऱ्या टोळीतली ती माणसं. त्यांना शिक्षा झाली हे योग्यच झालं. पण तू त्यांत नव्हतास. तुरुंगात जायला तू आमची माणसं नेमलीस. या भागाला तू दिलेला रोजगार तो एवढाच.

आणि आता तुझ्या भाऊबंदांना कार्डसुद्धा छापावं लागत नाही. ते बँक खातंच भाड्याने मागतात. पदवी हातात आहे, नोकरी नाही, घरची शेती पावसावर, असा पोरगा ते बरोबर हेरतात. चार पैसे हातावर टेकवून पासबुक आणि सिमकार्ड घेऊन जातात. पोलीस मात्र त्या पोराच्या दारात येतात, कारण खात्यावर नाव त्याचं असतं.

तुला पाझर फुटेल अशी आशा नाही. म्हणून शेवटचं सांगणं आमच्याच पोरांना: बाबांनो, खातं, एटीएम कार्ड, सिम कुणालाही वापरायला देऊ नका, मित्र म्हणवणाऱ्यालाही नाही. आणि घरात कुणाची फसवणूक झाली तर लाजून गप्प बसू नका, त्याच क्षणी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा.

एक खातेदार,
केम, ता. करमाळा, जि. सोलापूर