बॅकअप माळ्यावर, जीव टांगणीला

'आमच्याकडे बॅकअप नाही' असं सांगणारा मॅनेजर हातकणंगले तालुक्यात मला अजून भेटायचा आहे. तपासणीच्या तक्त्यात 'बॅकअप घेतला जातो का?' असा रकाना असतो, त्यापुढे 'होय' लिहिलेलं असतं आणि त्या 'होय'च्या बळावर संचालक मंडळ गाढ झोपतं. 'घेतलेला परत मिळतो का?' हा रकाना कुणी आखलेला नाही. कर्जदाराला हाच प्रश्न जामीनदारासकट दोन-दोनदा विचारणाऱ्या संस्थांमध्येही नाही!

मी या भागातले कॉम्प्युटर सांभाळतो. इचलकरंजीचे यंत्रमागवाले, हुपरीचे चांदीवाले, शिरोली एमआयडीसीतले फाउंड्रीवाले आणि अधूनमधून पतसंस्था. त्यातल्या एका संस्थेच्या (नाव नको, ठेवीदार वाचतात) सर्व्हरची डिस्क ऐन ऊसबिलं जमा व्हायच्या दिवसांत गेली. नवी डिस्क बसवली, रिस्टोअरचं बटण दाबलं. पडद्यावर आलं : उरलेला वेळ १४ तास. चहा आला तेव्हा ९ तास. चहा संपला तेव्हा २ दिवस. सॉफ्टवेअर मागच्या काही मिनिटांचा वेग पुढच्या सगळ्या डेटाला लावून हा आकडा सांगतं, त्यामुळे त्याच्याकडे बघत बसू नये. पण काउंटरबाहेर रांग लागलेली असताना दुसरीकडे बघायचं तरी कुठे?

निदान करणाऱ्यांची टंचाई नव्हती. मॅनेजर म्हणाले, "नेट स्लो असंल." मी म्हटलं, सर्व्हर खाली, बॅकअपचा डबा माळ्यावर, यात इंटरनेटचा संबंधच नाही. "मग ह्याच बिल्डिंगीतलं नेट स्लो असंल." मी दुर्लक्ष केलं. शिपाई मामांनी आपणहून एसी दोन अंशांनी खाली आणला. चेअरमननी मात्र मुद्द्याला हात घातला. "आवं इंजिनियर, रोज रात्री पंधरा मिनटांत बॅकअप हुतोय. मग परत यायला दोन दिवस कशाला? जाताना उतार आन् येताना चढ हाय व्हय?"

प्रश्न बिनतोड होता. रोज रात्री वर जातो तो फक्त त्या दिवसाचा बदल, दोन-तीन जीबी. संपूर्ण बॅकअप सुरुवातीला एकदाच झालेला. परत आणताना मात्र तो सगळा हवा आणि त्यावरचे रोजचे थरही क्रमाने हवेत. शिवाय जागा वाचवायला सॉफ्टवेअर सारखे तुकडे एकदाच साठवतं, म्हणजे एक फाइल जुळवायची तर डिस्कभर शोधाशोध. त्यात केवायसी! आधार, पॅन, सातबारा, जामीनदाराची सही, असे लाखो स्कॅन. प्रत्येक फाइल तयार करायची, नाव-तारीख-परवानग्या लिहायच्या, बंद करायची, आणि दारात अँटिव्हायरस प्रत्येकीची झडती घेणार. मिरजेहून निघालेली पॅसेंजर जयसिंगपूर, निमशिरगाव-तमदलगे, हातकणंगले, रुकडी, वळिवडे असं करत कोल्हापूरला पोचते तसं हे. इंजिन कितीही दांडगं आणा, वेळ थांबण्यात जातो.

अशा वेळी मी वाचणं, वाहून आणणं आणि लिहिणं वेगवेगळं तपासतो. नव्या डिस्कवर नुसतं लिहून पाहिलं, झकास. माळ्यावर चढून डब्यातून नुसतं वाचून पाहिलं, ठीक. मग खातेवहीचा डेटाबेस तेवढा मागवला, ४० जीबीची एकच फाइल. तिला थांबे नाहीत, तरी वेग सेकंदाला ११ एमबीवर खिळलेला. आमच्या धंद्यात हा आकडा सगळे ओळखतात. १०० मेगाबिटला आठाने भागलं की साडेबारा, वरखर्च वजा जाता अकरा-साडेअकरा. म्हणजे हजाराची लाइन शंभरावर आली होती. हजाराला केबलीतल्या आठही तारा लागतात, शंभराला चार पुरतात. उरलेल्या चारांतली एखादी तुटली तर दोन्हीकडची यंत्रं तक्रार न करता आपसात तडजोड करतात आणि निमूटपणे दहापट हळू चालू लागतात. हे सहकाराचं तत्त्व त्यांना कुणी शिकवलं, माहीत नाही. एकूण माल ६०० जीबी. आठ तारांनी दीड-पावणेदोन तासांत उतरला असता. चार तारांनी पंधरा तासांच्या आसपास, तेही वाटेत कुठेही न थांबता.

केबलीचा माग काढत गेलो तो २०१९ च्या महापुरापर्यंत पोचलो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. त्या ऑगस्टात पाणी ५५ च्याही वर गेलं. तोवर डबा सर्व्हरला खेटून, हातभर केबलीवर होता आणि संपूर्ण बॅकअप तेव्हाचाच. पाणी ओसरल्यावर ठराव झाला, डबा माळ्यावर गेला, केबल भिंतीतून ओढली गेली आणि नंतर कुणीतरी त्याच भिंतीत संस्थापकांच्या तसबिरीसाठी खिळा ठोकला. नदीच्या तावडीतून सोडवलेला डेटा संस्थापकांनी अडवून धरला होता. तसबीर काढायला कुणी धजेना. शेवटी नवी केबल जिन्यावरून लोंबती सोडायचं ठरलं, आणि ती आणायला पोरगा इचलकरंजीला पिटाळला.

तेवढ्या वेळात धीर द्यावा म्हणून मी चेअरमनना गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीची हकिगत सांगितली. ३१ जानेवारी २०१७ ला तिथल्या अभियंत्याने चुकून चालू डेटाबेसच पुसायला घेतला. थांबवेपर्यंत ३०० जीबीपैकी साडेचार उरले. बॅकअपच्या पाच तऱ्हा होत्या, वेळेला एकही धड उपयोगी पडली नाही. सुदैवाने सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी एक प्रत काढलेली होती. ती आणायला डिस्क हळू म्हणून अठरा तास गेले, आणि हे सगळं त्यांनी यूट्यूबवर थेट दाखवलं. चेअरमननी काउंटरच्या काचेला नाक लावून उभ्या असलेल्या ठेवीदारांकडे पाहिलं. "आमच्याकडंबी थेटच चाललंय की."

नवी केबल लागली आणि वेग शंभर एमबीवर गेला. मॅनेजर एवढंच म्हणाले, "मी काय म्हणत हुतो?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. अँटिव्हायरसला रिस्टोअरपुरता त्या फोल्डरपासून दूर ठेवलं. खातेवही सात मिनिटांत आली, काउंटर उघडलं. पुढे काय आणायचं यावर मतभेद झाले. मॅनेजरना केवायसी हवं होतं, चेअरमनना स्वतःच्या सत्काराचे फोटो. फोल्डर उघडल्यावर कळलं, ६०० पैकी बराच ऐवज वार्षिक सभांच्या व्हिडिओंचा, आणि त्याखाली 'व्हाउचर जुने' नावाच्या फोल्डरमध्ये चार सिनेमे. सॉफ्टवेअरने तेही थरावर थर लावून डोळ्यांत तेल घालून जपले होते. कुणाचे, हे विचारल्यावर सगळे छताकडे बघू लागले.

पुढच्या सभेत आयत्या वेळच्या विषयांत ठराव झाला : दर तीन महिन्यांनी रिस्टोअरची चाचणी घ्यावी. एकमताने मंजूर. पहिल्या चाचणीला कुठली फाइल घ्यायची, म्हणून मी विचारलं, तर मॅनेजरनी चेअरमनकडे पाहिलं.

"त्या जुन्या व्हाउचरातला दुसरा घ्या," चेअरमन म्हणाले. "इंटरव्हलपतुरच झालाय माझा."