सर्व्हेकाका

नवघर रोडवर चार वर्षांचं मूल घेऊन कुणी दिसलं, की सर्व्हेकाका त्याची वाट अडवतात. "कुठे टाकताय?" एवढंच विचारतात. काय टाकताय, हे बोलत नाहीत आणि समोरच्यालाही ते विचारावं लागत नाही. जानेवारी ते जून या मोसमात भाईंदर पूर्वेला टाकण्यासारखी एकच गोष्ट असते.

काकांचं खरं नाव सोसायटीच्या मेंटेनन्सच्या बिलावर आहे. पण ते बिल उघडायला कुणाला आवडतं? सरकारच्या आकडेवारीच्या खात्यात त्यांची उभी नोकरी लोकांच्या दारात उभं राहून "महिन्याला तूरडाळ किती लागते?" विचारण्यात गेली. लोक डाळ कमी करून सांगतात आणि पोरांचे मार्क वाढवून, हे त्या नोकरीचं सार. निवृत्त झाल्यावर काकांनी डाळ सोडली आणि मार्क धरले. शाळा, पालक आणि गरिबी-श्रीमंती यांवर अर्थशास्त्रज्ञ जगात कुठेही काही छापोत, काका त्याची प्रिंट काढून फायलीत लावतात. ती फाईल बगलेत असली, की ओळखीची माणसं मागच्या गेटाने बाहेर पडतात.

या विषयाला गावही नामी मिळालंय. 1985 साली नगरपालिका होईपर्यंत नवघर ही ग्रामपंचायत होती. आता पालिकेची मराठी शाळा, सेमी इंग्लिश, इंग्लिश स्टेट बोर्ड, सीबीएसई, अशा पायऱ्याच लागल्यात. शिवाय पहिल्या मजल्यावर प्लेग्रुप, त्याच्या पाटीवर 'इंटरनॅशनल', आणि तळमजल्याच्या गाळ्यात स्टीलच्या भांड्यांना पॉलिश चालू. "पर्याय वाढले की माणूस शाळा बघत नाही, शेजारी बघतो," हे काकांचं मत. आमच्या बी विंगेत एका मुलाने शाळा बदलली तर महिन्याभरात दुसऱ्या मजल्यापासून सातव्यापर्यंत सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या बदललेल्या दिसतात.

सल्ला देण्याआधी काका घराचा सर्व्हे करतात. आईचं शिक्षण, बापाची नोकरी, झोपायच्या खोल्या, आणि मग हुकमी प्रश्न: "घरात पुस्तकं किती?" जगभरच्या सर्व्हेंत तो विचारतात म्हणे. आमच्या वरच्या वहिनींनी विचारलं, "कालनिर्णय धरू का?" काका म्हणाले, "भिंतीवर टांगलेलं धरत नाही." वहिनींनी कालनिर्णय खिळ्यावरून काढून शोकेसमध्ये ठेवलं आणि म्हणाल्या, "आता धरा."

पुस्तकांचा हट्ट 1966 सालच्या कोलमन अहवालातून आलेला. अमेरिकेतल्या लाखो मुलांची पाहणी करून त्यात निघालं, की मुलांच्या यशातला फरक शाळेच्या खर्चापेक्षा घरच्या परिस्थितीने जास्त ठरतो. काका हे सांगतात कुणाला? तर 'इमारत निधी' भरायला पीएफमधून पैसे काढून नुकत्याच घरी आलेल्या बापाला! वर बॉस्टन आणि न्यूयॉर्कचा दाखला देतात: तिथल्या नामांकित शाळांच्या प्रवेशपरीक्षेत जेमतेम आत गेलेली आणि जेमतेम बाहेर राहिलेली मुलं पुढे तपासली, तर मार्कांत फारसा फरकच नाही. "नाव मोठं, लक्षण खोटं," असा त्याचा मराठी गोषवारा करून काका त्या माणसाच्या हातातली पावती निरखून पाहतात. त्या बापाने नंतर विंग बदलता येते का, याची चौकशी केल्याचं सेक्रेटरी सांगतात.

काकांचा सगळ्यात लाडका अभ्यास मात्र दादरचा. दादर हे त्यांचं आजोळ, त्यामुळे त्यात घरचा अभिमानही मिसळलेला. कैवान मुन्शी आणि मार्क रोझेन्झवाइग या अर्थशास्त्रज्ञांनी दादरच्या शाळांत वीस वर्षांच्या काळात शिकलेली मुलं आणि त्यांची हजारो कुटुंबं तपासली आणि 2006 मध्ये तो लेख 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'त आला. नव्वदच्या दशकात इंग्रजी येणाऱ्याचा पगार वाढत गेला. तरी कष्टकरी जातींतले मुलगे मराठी शाळेतच जात राहिले. कारण मुलगा मोठा झाला की काका-मामा कामाला चिकटवून देणारच, ही खात्री. मुलींना अशी चिकटवणारी माणसं कधी नव्हतीच. म्हणून मुली इंग्रजी शाळेत गेल्या आणि भावांच्या पुढे निघाल्या.

हे काकांनी एकदा बिल्डिंगच्या हळदीकुंकवात सांगितलं. पुरुषांना तिथे काम नसतं, पण काका पाण्याची टाकी बघायच्या निमित्ताने आले होते. सगळं ऐकून चौथ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "एवढ्यासाठी अमेरिकेतली विद्यापीठं खपली? मला विचारलं असतं तर चहाच्या कपावर सांगितलं असतं." काकांनी तिथल्या तिथे आजींचा फॉर्म भरून घेतला. पुस्तकं: गुरुचरित्र धरून सात.

मोसम खरा चढतो तो आरटीईच्या अर्जांच्या वेळी. 2009 च्या या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी शाळांत 25 टक्के जागा दुर्बल आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी ठेवल्या. राज्यात दुर्बल गटासाठी उत्पन्नाची अट वर्षाला एक लाखाची. ऑनलाइन अर्जात नकाशावर आपल्या घरावर एक बलून ठेवायचा. शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर आधी नंबर, मग पुढचे. ए विंग एका शाळेच्या किलोमीटरात बसते आणि सी विंग थोडक्यात बाहेर पडते, हा शोध काकांचाच. त्या दिवसापासून सी विंगमधले भाडेकरू ए विंगकडे, पूर्वी पेडर रोडकडे बघत तसे बघतात. अर्ज भरताना काका मागे उभे राहून ओरडतात, "बलून ओढू नका! आकडेवारी बिघडते!"

9 फेब्रुवारी 2024 ला सरकारने नियम फिरवला. जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर तिच्या एक किलोमीटरातल्या खाजगी शाळांना या जागांतून सूट. मे महिन्यात हायकोर्टाने त्याला स्थगिती दिली आणि 19 जुलैला तो नियम रद्दच केला. त्या पाच महिन्यांत काकांनी फाईल उलटीसुलटी लावली, रक्तदाबाची गोळी अर्धीची एक झाली, आणि वॉचमनच्या मुलाचा अर्ज इतक्यांदा तपासला, की वॉचमन त्यांना बघून स्वतःच लपायला लागला.

याच धावपळीत काकांना आपल्याच तक्त्यात एक गोम सापडली. आमच्या बिल्डिंगमधल्या, अटीत बसणाऱ्या प्रत्येक घराने अर्ज भरला होता. मागे, गाळ्यांना लागून असलेल्या बैठ्या चाळीत कुणीच नाही. उत्पन्न, आईचं शिक्षण, अंतर, सगळं लावून पाहिलं; उत्तर जुळेना. शेवटी रात्री अकराला त्यांनी माझी बेल वाजवली. "अहो, फरक माझाच आहे! इथे मी आहे, तिथे नाही. विषमतेचं कारण मी!" एवढ्या आनंदाने स्वतःवर आरोप घेणारा माणूस मी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी फाईल घेऊन काका चाळीत. भांडी पॉलिशच्या कामगाराची बायको, स्वतः चार घरची कामं करणारी, दारातच उभी. काकांनी 25 टक्क्यांपासून बलूनपर्यंत सगळं सांगितलं. बाई शांतपणे ऐकून म्हणाल्या, "शाळा फुकट, ते कळलं. साडेबाराला आणायला कोण? व्हॅनचे पैसे सरकार देणार?"

काकांनी फाईल चाळली. त्या प्रश्नाचा कॉलम नव्हता.

"मग पालिकेचीच बरी. भाऊ तिथेच आहे, दोघं चालत येतात."

काका पेचात पडले, कारण फाईल बाईंच्याच बाजूची होती. आंध्रात अर्थशास्त्रज्ञ कार्तिक मुरलीधरन यांच्या प्रयोगात चिठ्ठ्या टाकून काही मुलांना खाजगी शाळेत पाठवलं. चार वर्षांनी तेलुगू आणि गणितात ती सरकारी शाळेतल्या मुलांच्या पुढे नव्हती, हिंदीत मात्र होती. हे सगळं आठवून काका कळवळून म्हणाले, "बाई, तुमचं बरोबर आहे हो! पण कारण चुकीचं आहे!"

"कारण तुमच्या फायलीत ठेवा," बाई म्हणाल्या. "मला कामाला उशीर होतोय."

गंमत पुढेच. त्याच आठवड्यात अंधेरीला नोकरी करणाऱ्या काकांच्या सुनेने नातीची शाळा ठरवली. काकांनी निकष विचारला. सून म्हणाली, "व्हॅन गेटापर्यंत येते आणि पाळणाघर रात्री आठपर्यंत उघडं असतं. बोरिवलीला गाडी थांबून राहिली तरी चालतं." म्हणजे चाळीतली बाई आणि फ्लॅटमधली सून, दोघींनी शाळा नव्हे, साडेबाराची वेळ निवडली होती. फक्त एकीकडे ती विकत घ्यायला पैसे होते.

मग काकांनी सोसायटीच्या सभेत ठराव आणला. दुपारी साडेबारा ते अडीच सोसायटीचं ऑफिस उघडं ठेवायचं. चाळीतली आणि बिल्डिंगमधली मुलं एकत्र बसतील. आधाराला 'प्रथम' संस्थेच्या बालसखींचा दाखला. मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत महिना पाचशे ते साडेसातशे रुपयांवर काम करणाऱ्या त्या तरुण मुलींनी मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळं शिकवलं आणि सगळ्यात मागच्यांना सगळ्यात जास्त फायदा झाला. ते तपासणारे अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो पुढे, 2019 मध्ये, नोबेल घेऊन आले.

खजिनदार उठले. "आमची मुलं त्या मुलांबरोबर बसून बिघडली तर?"

काकांनी दिल्लीचा अभ्यास काढला. अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांना तिथल्या खाजगी शाळांत दिसलं, की गरीब मुलांबरोबर शिकलेली श्रीमंत मुलं जास्त उदार होतात, भेदभाव कमी करतात. "तोटा एवढाच," काका प्रामाणिकपणे म्हणाले, "इंग्रजीचे मार्क किंचित उतरले, आणि शिव्या थोड्या वाढल्या."

सभेत शांतता. मग सेक्रेटरी म्हणाले, "शिव्यांचं काय, पार्किंगची मागची मीटिंग सगळ्या पोरांनी जिन्यात बसून ऐकली आहे."

तेवढ्यात मागच्या रांगेतून एका आईने विचारलं, "काका, साडेबारा ते अडीच रोज? सुट्टी नाही? मग मुलाला तिथे ठेवलं तर चालेल ना?"

सगळ्या आयांचे हात एकदम वर गेले. बालसखी, दिल्ली, नोबेल, कशावरही चर्चा न होता ठराव एकमताने मंजूर झाला. काकांनी इतिवृत्ताखाली सही केली, टोपण लावलं, पुन्हा काढलं, आणि कंसात लिहिलं: "निर्णय बरोबर. कारण तपासावे."