एकच अक्षर, आणि पाच वेळा निवडून आलंय!

ऐकलंत का? जपानात लोकांनी एकाच अक्षराला पाच वेळा निवडून दिलंय. २०००, २०१२, २०१६, २०२१ आणि २०२४! कुणी फेरमतमोजणीसुद्धा मागितली नाही. ‘वर्षाचं कांजी अक्षर’ (कांजी म्हणजे अख्खा अर्थ सांगणारं जपानी लिखाणातलं अक्षर) निवडण्याचं हे खूळ तिथे १९९५ पासून आहे. मतं मागवतात, मोजतात आणि डिसेंबरात क्योतोच्या कियोमिझु-देरा मंदिराचे मुख्य पुजारी जाडजूड कुंचला शाईत बुडवून दीड मीटर उंच कागदावर निकाल रंगवतात. समोर कॅमेऱ्यांची ही झुंबड!

बरं, निवडून आलेलं अक्षर तरी सरळमार्गी असावं? छे! ‘किन’ वाचलंत तर सोनं, ‘काने’ वाचलंत तर पैसा. रेघा त्याच आठ. शुक्रवारच्या नावात तेच, शुक्र ग्रहाच्या नावात तेच, काचेच्या भांड्यातल्या गोल्डफिशच्या नावातही तेच घुसलेलं. कोरियातले किम आडनावाचे लोकही हेच अक्षर लावतात. २००० साली दोन्ही कोरियांचे नेते भेटले, दोघेही किम! झालं, तिकडे सिडनी ऑलिंपिकमधली सुवर्णपदकं आणि इकडे हे दोन किम, सगळे एकाच खात्यात जमा. २०१६ ला तर ट्रम्प यांच्या सोनेरी केसांचाही हातभार लागला म्हणे. त्याच वर्षी खर्चाच्या भानगडीवरून तोक्योच्या गव्हर्नरांना खुर्ची सोडावी लागली, तेही याच अक्षरात बसलं.

पण २०२४ चं विचारूच नका. पॅरिसहून पदकं आली, सादो बेटावरच्या सोन्याच्या खाणी जागतिक वारशाच्या यादीत गेल्या, सगळे खूश. आणि त्याच वर्षी सत्ताधारी खासदारांचा हिशेबाबाहेरचा पैसा गाजत राहिला, ऑक्टोबरच्या निवडणुकीत सत्ताधाऱ्यांचं बहुमत गेलं. वर नव्या नोटा आणि जुनी महागाई आहेच! मग सांगा, त्या १२ हजारांवर लोकांनी मत दिलं ते कशाला? पदकाला की पाकिटाला? आयोजकांनी शेवटी स्वतःच वाटणी करून टाकली: उजेडातलं ते ‘किन’, सावलीतलं ते ‘काने’. म्हणजे एकाच चिठ्ठीत आरतीही आणि शिवीही! कारभाऱ्यांना बोल लावायची इतकी सभ्य सोय आपल्याला कुणी दिली नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणखी एक गंमत कानावर घालते. हे अक्षर जिंकलं ती पाचही वर्षं ऑलिंपिकची होती. नाही म्हणायला २००४ ला ‘आपत्ती’ने आणि २००८ ला ‘बदल’ या अक्षराने त्याला हरवलं होतं. पुढचं उन्हाळी ऑलिंपिक २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये आहे. पैज लावायची तर आत्ताच लावा. फक्त सोन्यावर लावताय की पैशावर, ते तोंडी सांगा. त्या अक्षरात लिहून दिलंत तर मला कळायचं नाही.