खोडीसकट नक्कल

शिवनेरी चढताना वाटेत सात दरवाजे लागतात. पायथ्याच्या मुलखाने मात्र दाराचा एवढा धसका कधी घेतला नाही. नाणेघाटात जकातीचा म्हणून जो दगडी रांजण दाखवतात, त्यालासुद्धा कुलूप घालायला कुठे जागा दिसत नाही. जुन्नर-आंबेगावात कुलपाचं मुख्य काम म्हणजे घरात कोणी नाही हे आळीला कळवणं. किल्ली तुळशीच्या मागे, चौकटीवर, नाहीतर समोरच्या काकूंकडे. काकू घरी नसल्या तर त्यांची किल्ली कुठे असते हेही सगळ्यांना ठाऊक. बिबट्याच्या भीतीने हल्ली दिवेलागणीलाच दारं लागतात हे खरं, पण ती कडी आतून. त्यात किल्लीवाल्याला काय मिळणार?

तरी माझ्या भाच्याने मंचरला एसटी स्टँडाजवळ गाळा घेतला आणि डुप्लिकेट किल्ल्यांचं मशीन टाकायचं ठरवलं. त्याचा हिशेब अगदीच हवेतला नव्हता. विहिरीवरच्या मोटारीच्या केबली चोरीला जायला लागल्यापासून स्टार्टरच्या पेटीला कुलूप आलं. कांद्याच्या बराखीला आलं, तेही भाव बघून. भाव चढला की दोन कुलपं. पडला की दार सताड उघडं, चोराने नेला तर तेवढीच हमाली वाचली. नारायणगावला टोमॅटोच्या हंगामात पिकअपची रांग, आणि त्यातल्या एकाची तरी किल्ली क्रेटच्या थप्पीखाली गेलेली. पाडव्याच्या सुमाराला तिथेच तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे लोक जत्रेची सुपारी द्यायला येतात. फड म्हटला की कपड्यांच्या पेट्या आल्या, पेट्यांना कुलपं आली, आणि किल्ली नेमकी कोणाकडे यावरची भांडणं आली.

"मामा, मशीन ॲक्युरेट पाहिजे आन् भरवशाचं पाहिजे. तुम्ही चलाच," भाचा म्हणाला. मी भोसरीला लेथवर उभं राहून निवृत्त झालो. त्यामुळे मिक्सरपासून पिठाच्या गिरणीपर्यंत जे जे म्हणून गोल फिरतं, ते घेताना घरात माझी सही लागते.

निघताना अक्काने, म्हणजे भाच्याच्या आईने, पिशवीत बराखीचं कुलूप टाकलं. "याची करून आणा, मग मानीन." हे कुलूप म्हणजे घरचा वडीलधारा. किल्ली अर्धी आत घालायची, किंचित वर उचलायची, डावीकडे दाबायची आणि मग फिरवायची. अक्काला ते एका हाताने जमतं, दाजींना अजून जमलेलं नाही.

पुण्यात बोहरी आळीत शिरलो. दुकानातल्या पोराने सगळ्यांत आधी निळा दिवा लागणारं मशीन पुढे केलं. दिवा कशाला, विचारलं, तर "लुक येतो काका." भाचा लुकवर भाळलाच होता. मी म्हटलं, झाकण काढ.

आतली गोष्ट तशी साधी असते. एका गाड्यावर दोन जबडे. एकात मूळ किल्ली, दुसऱ्यात कोरी. मूळ किल्लीच्या दात्यांवरून एक पोलादी बोट सरकतं आणि त्याच्या इशाऱ्यावर शेजारचा कटर कोऱ्या किल्लीला कापत जातो. खरी मेख पुढे आहे. अमेरिकेतल्या धाकट्या लायनस येलने १८६० च्या दशकात पिनांच्या कुलपाची पेटंटं घेतली, तेव्हापासून आपण त्याच्या तालावर नाचतोय. किल्लीच्या दात्यांवर पिना उभ्या राहतात आणि सगळ्या एका रेषेत आल्या तरच आतलं नळकांडं फिरतं. एका दात्याची पायरी साधारण अर्ध्या मिलिमीटरची. वहीच्या कागदाची जाडी असते एक दशांश मिलिमीटरच्या आसपास. तेवढी चूक झाली तरी किल्ली आत जाते, पण फिरेलच याची खात्री नाही. अर्देशर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत कुलपांचा कारखाना काढला, त्या घराण्याच्या लिव्हरच्या कुलपांचंही गणित असंच कडक.

म्हणून मी पोराला सांगितलं, दोन्ही जबड्यांत सारख्या कोऱ्या किल्ल्या लाव, बोट एकीला टेकव, मोटर बंद ठेव आणि कटर हाताने फिरव. दुसरीला तो नुसता चाटून गेला पाहिजे. निळ्या दिव्याचा कटर हवेतच फिरला. दुसऱ्या मशीनचा रुतून बसला. "सेटिंग करून मिळेल," पोरगा म्हणाला. मग मी जबड्यात धरलेली किल्ली अंगठ्याने ढकलली, तर ती हलली. बोटाचं सेटिंग स्क्रूने होतं, सैल जबड्याला औषध नाही. किल्ली कापताना केसभर सरकली की तिचे सगळे दाते पुढे जातात. खोली बरोबर, जागा चुकीची, आणि गिऱ्हाईक मात्र कुलपाला शिव्या देतं.

कोपऱ्यात धूळ खात एक करड्या रंगाचं मशीन होतं. वजनदार, दिवाबिवा काही नाही. जबडा घट्ट, कटर चाटून गेला, गाडा सरकताना कुरकुर नाही. भाचा हिरमुसला. त्यावर अक्काची किल्ली कापली, कडा ब्रशवर घासल्या, कुलपात घातली. फिरेना. पोरगा खजील झाला. मी किल्ली किंचित वर उचलली, डावीकडे दाबली. खट!

"बघा, मशीन बिघडलेलं आहे," भाचा म्हणाला.

"येड्या, मशीन इतकं नेमकं आहे की खोडसुद्धा उतरवली त्याने!"

मूळ किल्लीचे दाते वर्षानुवर्षं घासून बसले होते आणि मशीनने ती झीज इमानेइतबारे कोऱ्या पितळेवर उतरवली होती. लेथवर हयात गेलेल्या माणसाला याहून मोठं सर्टिफिकेट नको. पैसे मोजले.

अक्काला हे पटेना. "तशीच अडणारी किल्ली करायला एवढे पैसे? हीच काय वाईट होती?" युक्तिवाद बिनतोड होता. शेवटी ते कुलूप मी घोडेगावच्या आठवडे बाजारात एका म्हाताऱ्या किल्लीवाल्यापुढे ठेवलं. पुढ्यात सतरंजी, एक कानस, किल्ल्यांचा घोस. त्याने जुन्या किल्लीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कोरी किल्ली दिव्याच्या काजळीवर काळी केली, कुलपात घालून पिरगाळली, बाहेर काढून उन्हात धरली. काजळीवर जिथे ठिपके उठले तिथे कानस मारली. पुन्हा काजळी, पुन्हा ठिपके. चहा येईपर्यंत कुलूप लोण्यासारखं फिरायला लागलं. मी विचारलं, बाबा, नक्कल का नाही केली? "किल्लीला काय विचारायचं? ती झिजून खोटं बोलती. कुलपाला विचारायचं." माझ्या पेन्शनीला जरा धक्का बसला. भाच्याने मात्र त्याच दुपारी एक कानस घेतली.

दुकान चालू झालं आणि भरवशाचा दुसराच पेच उभा राहिला. शहरात किल्लीवाल्याला किल्ली कोणाची ते माहीत नसतं. इथे भाचा दाते बघून घर सांगतो. एका सकाळी गल्लीतल्या एका घरातला थोरला आला. आईच्या कपाटाची किल्ली, एक गुपचूप काढून दे, धाकट्याला कळू देऊ नको. दुपारी धाकटा. तीच किल्ली, तीच अट, नाव फक्त थोरल्याचं. संध्याकाळी थोरली सून भाजीच्या पिशवीतून. भाच्याने मला फोन केला, "मामा, द्यायच्या का?" मी म्हटलं, कपाटाची मालकीण म्हातारी आहे, तिला विचार. त्याला धीर होईना. कोऱ्या किल्ल्या गल्ल्यात ठेवून तो सगळ्यांना उद्या या, उद्या या म्हणत राहिला.

मग म्हातारी स्वतःच आली. काठी टेकत पायरी चढली, बाकावर बसली, पाणी प्याली.

"कपाटाच्या किल्लीच्या नकला तुझ्याकडं काढाया टाकल्यात म्हणं?"

भाचा घामाघूम. "तयार नाही केल्या अजून, आजी."

"मग कर की बाबा लवकर. अस्सल किल्ली त्या तिघांपैकी कुणाकडं हाय, कुणीच सांगंना. मला दोन दे."